वाटेवरचे पाय

एप्रिल उलटला, मे निम्मा सरला, तरी बांगड्याचा पत्ता नव्हता. समुद्र नुसता पडून होता. ना वारा, ना लाट, ना पाण्यावर पक्ष्यांची झुंबड. सील खडकांवर पोट टेकून बसायचे आणि रिकाम्या परतणाऱ्या होड्यांकडे म्हाताऱ्या माणसांसारखे टक लावून बघायचे. घरातले बटाटे तळाला गेलेले, उरलेल्यांना बोट बोट कोंब फुटलेले. अशा वेळी गाव काय करतं? कारण शोधतं. आमच्या बेटाला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. कारण आमच्याच घरात चुलीपाशी बसून लोकर पिंजत होतं.

सोर्खा, माझ्या भावाची, कोलमनची एकुलती एक पोर. वय सोळा. अंगानं काटक, कामाला वाघ, गाय दोहायला बसली की गायसुद्धा शहाणी व्हायची. पण हे बघतो कोण? केस लाल. तांबूस-बिंबूस नव्हे, निखाऱ्यावर फुंकर मारल्यावर दिसतो तसला लाल. समुद्रावर निघालेल्या माणसाला वाटेत लाल केसांची बाई दिसली की त्यानं घरी परत फिरायचं, त्या दिवशी पाण्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. फादर दर रविवारी खुळचटपणा म्हणून ओरडायचे आणि स्वतः पलीकडच्या किनाऱ्यावर जायला निघाले की आमच्या घरावरून न जाता वळसा घालून जायचे.

तिची आई पलीकडच्या किनाऱ्यावरची. केस तिचेच. ती पोरीला सहा महिन्यांची टाकून गेली, तेही गावानं पोरीच्याच माथी मारलं. वाढवली मी. माझं लग्न झालं नाही. दात पुढे आहेत, म्हणून मी जन्मभर 'दातेरी डेलिया'. पण दाताळ बाई दिसली म्हणून कोणी होडी मागे फिरवत नाही, एवढं माझं नशीब बरं. घरात नेम ठरलेला होता. पहाटे होड्या पाण्यात जाईपर्यंत दार लावलेलं. मी बाहेर डोकवायची, "गेले," म्हणायची, आणि मग सोर्खा डोक्यावरून शाल ओढून गाय सोडायला जायची.

एका संध्याकाळी फेस्टी आणि बार्टली दारात आले. कोलमनच्या होडीवरचे हे दोघे. आमच्या होड्या हलक्या असतात, लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणलेलं, पण हाकायला तीन माणसं लागतात. दोघं उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"आत या की रे," मी म्हटलं.

"ती आहे ना आत," बार्टली म्हणाला.

"असणारच. तिचं घर आहे."

बार्टली माझ्याशी बोललाच नाही. कोलमनला म्हणाला, "बटाटे काढायला टोळी निघालीय स्कॉटलंडला. पुढच्या महिन्यात. पोरगी धाड त्यांच्याबरोबर."

"सोळा वर्षांची आहे रे ती."

"माझी बहीण चौदाव्या वर्षी गेली. मेली नाही. हे बघ कोलमन, मला घरात पाच तोंडं आहेत. ती इथं राहणार असली तर तू दुसरा गडी बघ."

फेस्टी गप्प होता. त्याची पोर ओनोरा छातीच्या दुखण्यानं गेल्यापासून तो गप्पच असे. पाच वर्षं झाली. ती गेली तेव्हा तीही सोळाचीच. सोनेरी केस, दुधासारखा रंग. ती वाटेत भेटली की गडी मुद्दाम थांबून दोन शब्द बोलायचे, दिवस चांगला जातो म्हणून. सोर्खाच्या केसांत हात घालून वेणी घालणारी बेटावर ती एकटीच होती.

"बघतो," कोलमन म्हणाला. माझा भाऊ जन्मभर 'बघतो' म्हणत आला आहे.

ते गेल्यावर सोर्खा लोकर पिंजता पिंजता म्हणाली, "आत्या, मी नाही जायची."

"कोण म्हणतंय जा म्हणून?"

"सगळेच. तिकडं मला कोण ओळखतंय?"

इथं तरी कोण ओळखतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. जीभ चावली.

त्यानंतर धुकं उतरलं आणि हटेचना. एका पहाटे गाय दावं तोडून गेली. खाली बार्टलीच्या ओटांच्या शेतात घुसली असती तर आणखी एक निमित्त झालं असतं. सोर्खा तशीच अनवाणी, डोक्यावर शाल न घेता धावली. मी "थांब गं, अजून गेले नाहीत" म्हणेपर्यंत ती धुक्यात विरघळली होती.

पुढचं तिनं मला सांगितलं. किनाऱ्याकडे उतरणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंना छातीएवढे दगडी बांध. वळणावर तिला आधी आवाज आला. होड्या आम्ही वरच, घरांपाशी ठेवतो, खाली ठेवल्या तर समुद्र घेऊन जातो. रोज सकाळी तीन माणसं होडी उलटी डोक्यावर घेतात. डोकी, खांदे सगळं आत. बाहेर फक्त सहा पाय. लांबून बघितलं तर एखादा मोठा काळा किडा वाटेनं चाललाय असं वाटतं. आतलं बोलणं पोकळ, घुमून बाहेर येतं. आणि आतल्या माणसांना दिसते ती फक्त पायांखालची वाट.

बांध चढून पळायला वेळ नव्हता. ती बांधाला पाठ लावून उभी राहिली. आता हे होडी उतरवणार, केस बघणार, आजचा दिवस बुडणार आणि आपण स्कॉटलंडला जाणार, एवढंच तिच्या डोक्यात.

किडा थांबला. पुढे फेस्टी होता.

"कोण गं?" होडीच्या पोटातून आवाज आला.

तिनं श्वास रोखला. आपल्याच पायांकडे बघत राहिली. दवानं ओले, बोटांत चिखल.

मग फेस्टी हळू म्हणाला, "देव तुझं भलं करो, बाई." आणि सहा पाय तिच्या पायांना वळसा घालून खाली उतरून गेले.

"मला म्हणाला, आत्या," सोर्खा सांगत होती. "फेस्टीकाका. मला." आणि ती खो खो हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवशी होडी काठोकाठ भरून आली.

संध्याकाळी सगळ्या बायका धक्क्यावर मासे चिरून मिठात घालत होतो. फेस्टी एकेकीपाशी जाऊन विचारत होता, सकाळी वाटेवर कोण होतं? माझ्यापाशी आला तेव्हा मी म्हटलं, "एवढ्या धुक्यात कोण मरायला बाहेर पडतंय?" खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. सगळ्यांनी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मग ती ओनोराच," तो म्हणाला. "मला कळलंच होतं. बापाला पोरीचे पाय कळत नाहीत होय?"

कोणी हसलं नाही. बेटावर बारा घरं, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच सोयरिकी केलेल्या. पायच काय, अर्ध्या बेटाचे कानसुद्धा एका साच्यातले आहेत. पण हे बोलणार कोण? टोपल्या भरलेल्या होत्या. बार्टलीनं छातीवर क्रूस काढला. कोलमन खाली मान घालून मीठ चोळत होता. त्यानं वर बघितलं नाही, ते मला तेव्हाच खटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोर्खा दाराशी दिसली. अनवाणी.

"कुठं निघालीस?"

"आलेच."

रोजचंच झालं ते. धुकं उठेना आणि ही थांबेना. वळणावर जाऊन उभी राहायची, होडी आली की पाय वाटेवर ठेवायची, होडी गेली की बांधावरून उडी मारून मागच्या मागे घरी. मासेही रोज येत होते. खरं सांगते, मी पहिले काही दिवस मनातून खूश होते. गावाला चांगलंच उल्लू बनवलं म्हणून.

मग एकदा मी तिच्या मागून गेले आणि बांधाच्या पलीकडे दडून बसले. धुक्यातून ते काळं धूड आलं. सहा पाय थांबले.

"आलीस गं," फेस्टीचा आवाज. इतका मऊ की मला आधी ओळखूच आला नाही. "थंडी वाजते का तिकडं?"

कुठंतरी पाणपक्षी ओरडला. मग सोर्खा बोलली. ते बोलणं तिचं नव्हतं. मी तिला तान्ही असल्यापासून ऐकत आले होते, मला तिचा खोकला कळतो. हा आवाज बारीक होता, दमेकऱ्याचा असतो तसा धापेवरचा.

"नाही, बाबा."

ओनोरा शेवटी शेवटी अशीच बोलायची. होडी वर गदगदा हलू लागली. आत फेस्टी रडत होता.

त्याच दिवशी दुपारी विहिरीवर सोर्खा कळशी भरत होती आणि फेस्टी समोरून आला. ती दिसताच तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, ती जाईपर्यंत. आणि ती जाताना त्याच्या पाठीकडे मायेनं बघत गेली. ते मायेनं बघणं मला जास्त भिववून गेलं.

पोर बदलत चालली. धावणारी पोर सावकाश चालू लागली. ताट अर्धं टाकायची. मी "सोर्खा" अशी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ यायची नाही.

"हे सोड, पोरी," मी म्हटलं. "मेलेल्याच्या जागी उभं राहू नये. जागा सवयीची होते."

"तिथं मला कोणी काही बोलत नाही, आत्या."

"तिथं तू नसतेसच!"

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते लाल केस विंचरत बसले. गार लागत होते हाताला.

जून लागला. टोळी निघायचे दिवस जवळ आले तसे फेस्टी आणि बार्टली पुन्हा दारात आले. मासे येत होते, तेव्हा मला वाटलं आभार मानायला आलेत. मीही वेडीच. या वेळी फेस्टी बोलला.

"कोलमन, तुझी पोर धाड. माझी पोर आता रोज येते. पण काल तिचे पाय थरथरत होते. भ्यालीय ती. लाल केस जवळपास असताना ती बिचारी किती दिवस येईल?"

"दोघी एका बेटावर नकोत," बार्टली म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच मला सोर्खा दिसली. आतल्या अंधारात उभी होती आणि मान हलवून मला नको म्हणत होती.

"धाडतो," कोलमन म्हणाला. या वेळी 'बघतो' नव्हे.

ते गेल्यावर मी भावावर तुटून पडणार होते. पण सोर्खा पुढे आली. चुलीपुढे बसलेल्या बापासमोर तिनं आपला डावा पाय दगडावर ठेवला. उजेड बरोबर पायावर पडला होता.

"बाबा, हा कोणाचा?"

तो जाळाकडे बघत राहिला.

"तुम्ही मधे असता. तुम्हालाही दिसत होता."

"पहिल्याच दिवशी ओळखला," कोलमन म्हणाला. "घोट्यावरचा व्रण. तू चार वर्षांची असताना विळा लागला होता. मीच बांधलं होतं तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"मासे येत होते, पोरी. आणि फेस्टी… पाच वर्षांनी माणूस हसला. त्याची पोर मी कशी हिरावून घेऊ?"

"आणि तुमची?"

कोलमननं इकडे तिकडे बघितलं, जणू उत्तर कुठं भिंतीवर टांगलेलं आहे. "तू काय," तो म्हणाला, "तू घरातच होतीस ना."

माझ्या सख्ख्या भावाचा मला इतका संताप कधी आला नव्हता आणि नंतरही कधी आला नाही. सोर्खा मात्र चिडली नाही, रडली नाही. पाय खाली घेतला.

"जाते मी," म्हणाली.

"मी आत्ताच्या आत्ता जाऊन फेस्टीला सांगते," मी उठले.

"नको, आत्या. त्याची पोर दुसऱ्यांदा मरेल."

टोळी गेली त्या दिवशी धुकं उठलं. पोरी-बायका गाठोडी घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. सोर्खा आल्याबरोबर धक्क्यावरच्या सगळ्या पुरुषांनी पाठ फिरवली. रांगेनं नुसत्या पाठीच पाठी. कोलमन गाठोडं देऊन मागे सरला आणि त्यानंही पाठ फिरवली. सवयीनं, दुसरं काय. होडी सुटल्यावर तिनं शाल डोक्यावरून काढून टाकली आणि केस मोकळे सोडले. माझ्याशिवाय ते कोणी बघितलं नाही. तिनं हात हलवला नाही, मीही नाही. पार ठिपका होईपर्यंत मी बघत होते. पलीकडे बंदरात बाकीच्यांबरोबर ती आगबोटीवर चढली, हे होडीवाल्यानं संध्याकाळी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा धुकं. मी दार लावलं नाही. आता कशाला लावायचं? कोलमन नेहमीसारखा गेला. मी गाय दोहत होते तेवढ्यात तो परत आला. एकटाच. ओठ फुटून रक्त आलं होतं. उंबऱ्यावर बसला आणि आपले हात मांड्यांखाली दाबून धरले.

"काय झालं रे?"

"फेस्टी थांबला," तो म्हणाला. "वळणावर. मला वाटलं, आता हा नुसताच उभा राहील. आज कोण असणार तिथं? तर तो म्हणाला, आलीस गं."

"आणि?"

"मी खाली बघितलं."

मी चरवी खाली ठेवली.

"होते, डेलिया. ओले, चिखलाचे. बांधाला लागून."

"कोणाचे?"

"घोट्यावर व्रण होता."

त्यानं हाक मारली होती. सोर्खा! होडीच्या पोटात, सगळं घुमेल एवढ्या मोठ्यानं. आणि खांद्यावरची होडी तशीच टाकून दिली. दगडावर आपटून कापड टर्रकन फाटलं. वाटेवर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंचे बांध, धुकं, आणि ती तिघं माणसं. बार्टलीनं कोलमनच्या तोंडावर ठोसा मारला. होडीखाली लाल बाईचं नाव घेतलं म्हणून. फेस्टी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी जमीन चाचपत राहिला, आणि "पळवलीस, पळवलीस तिला," एवढंच म्हणत राहिला.

"तू आज हाक मारलीस," मी भावाला म्हटलं. "काल धक्क्यावर मारायची होतीस."

त्यानं मान डोलावली.

कोलमनबरोबर पुन्हा कोणी होडीवर गेलं नाही. शरदात टोळी परतली. सोर्खा आली नाही. बायका म्हणाल्या, तिकडंच एका शेतावर कामाला राहिलीय, चांगली अंगानं भरलीय, हसते खिदळते. तिकडं म्हणे दर तिसरं पोर लाल केसांचं; तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. मी एका आडोशाला जाऊन आनंदानं रडले. जिवंत होती, बरी होती. मग त्या सकाळी वाटेवर कोण उभं होतं, हे मला माहीत नाही आणि मी कोणाला विचारतही नाही.

कोलमन आता रोज पहाटे वळणावरच्या बांधावर जाऊन बसतो. मान खाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघतो, तोंडं बघत नाही. पोरं त्याला 'पायबघ्या' म्हणतात. आणि मासे कमी झाले की गाव त्याचं नाव घेतं. होडी घेऊन निघालेल्या माणसांना होडीखालून त्याचे लोंबते बूट दिसले की ती तिथूनच परत फिरतात. त्याला त्याचं काही वाटत नाही. ती माणसं मागे फिरली तरी तो जाणारे पायच बघत असतो.

मी त्याला भाकरी नेऊन देते. परवा गेले, समोर उभी राहिले, तर त्यानं भाकरी घेतली नाही. माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिला.

"मी आहे रे," मी म्हटलं. "डेलिया."

"माहितेय मला," तो म्हणाला. "पण जरा अशीच उभी राहा."

गार पडले होते पाय. पण राहिले उभी.